पुण्यात नव्याने राहायला आलात? घरच्या कचऱ्याचं काय करायचं, ते असं

पुण्यातल्या बहुतेक रस्त्यांवर आता मोठ्या कचराकुंड्या दिसत नाहीत. पिशवी उचलली, कोपऱ्यावर टाकली आणि मोकळे झालो, ही सोय इथं जवळजवळ संपलेली आहे. इथं कचरा टाकायचा नसतो, द्यायचा असतो. सकाळी कोणीतरी दारात किंवा सोसायटीच्या फाटकाशी येतं, तुमच्या हातून डबा घेतं आणि पुढच्या अर्ध्या तासात तो कचरा हाताने निवडतं. खालचे सगळे नियम त्या निवडणाऱ्या हातांमुळे आलेले आहेत. हे एकदा लक्षात आलं, की एखादी वस्तू कुठल्या डब्यात घालायची हे बऱ्याचदा कोणाला विचारावंही लागत नाही.

आधी हद्द बघा

पत्त्यात 'पुणे' लिहिलेलं असलं तरी तुमचा कचरा पुणे महापालिकाच नेते असं नाही. वाकड, हिंजवडीकडे जाणारा रस्ता, पिंपळे सौदागर, निगडी हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेत येतो (हिंजवडी गाव खुद्द ग्रामपंचायतीत). कॅम्पचा बराच भाग पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, खडकीचा खडकी कॅन्टोन्मेंटकडे. कडेची गावंही टप्प्याटप्प्याने पालिकेत आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३. त्यामुळे कडेच्या भागात कचरा नेण्याची पद्धत जुन्या पेठांसारखीच असेल असं गृहीत धरू नका. घरमालकाला मिळकतकराची पावती दाखवायला सांगा. तिच्यावर ज्या संस्थेचं नाव, तीच तुमची. तक्रारही तिथंच चालते. पिंपरी-चिंचवडच्या घंटागाडीची तक्रार पुणे पालिकेकडे केली तर ती फक्त इकडून तिकडे फिरते.

पुढचं सगळं पुणे महापालिकेच्या हद्दीला धरून लिहिलं आहे. कचरा वेगळा कसा करायचा तो भाग मात्र देशभर सारखाच.

दारात कोण येतं

पुण्याच्या मोठ्या भागात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचे सभासद येतात. ही कचरावेचकांच्याच मालकीची संस्था आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली, तिच्यातून पुढे ही संस्था निघाली आणि २००८ पासून ती पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. काही भागांत घंटागाडी येते, काही सोसायट्यांनी स्वतःचा ठेकेदार नेमलेला असतो. तुमच्याकडे यातलं काय आहे ते वॉचमनला पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

मग एकदा समोरासमोर भेटा आणि चार गोष्टी ठरवा: किती वाजता येणार, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, सुका कचरा रोज द्यायचा की ठरावीक वारी, आणि पैसे कोण देणार. 'स्वच्छ'च्या भागात दर घरामागे दर महिन्याला सेवाशुल्क असतं आणि ते थेट कचरावेचकाला द्यायचं असतं; रक्कम पालिका ठरवते, पावती मागितली की मिळते. ते मिळकतकरात धरलेलं नसतं. सोसायटीत बहुधा मेंटेनन्समधून एकत्र जातं, बैठ्या घरात किंवा वाड्यात तुम्ही हातात द्यायचं. भाड्याने राहत असाल तर करार करतानाच हे विचारा. 'आधीचे भाडेकरू देत होते' आणि 'मालक देतो' यांच्यामध्ये तीन-तीन महिने पैसे राहून जातात आणि मग 'ताई आजकाल आमच्या मजल्यावर येत नाहीत' अशी तक्रार होते.

या शुल्काखेरीज या कचरावेचक ताईंची दुसरी कमाई म्हणजे सुक्या कचऱ्यातलं भंगार. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा, दुधाच्या पिशव्या निवडून त्या विकतात. महिन्याची रद्दी तुम्ही रद्दीवाल्याला दिलीत तर कोणी काही म्हणणार नाही. पण बाटल्या आणि पुठ्ठे निवडून स्वतः विकायचे आणि वेफर्सची पाकिटं तेवढी ताईंच्या माथी मारायची, हे काही बरं नव्हे.

घरात किती डबे

२०१६ च्या घनकचरा नियमांत तीन भाग होते: ओला, सुका आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. घाबरून चार मोठाले डबे आणू नका. चौघांच्या घराला हे पुरतं:

ओल्यासाठी झाकणाची ७ ते १० लिटरची बादली. चौघांच्या घरात रोज साधारण पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याहून मोठी बादली घेतली तर 'अजून भरली नाही, उद्या देऊ' असं होतं आणि दुसऱ्या दिवशी चिलटं होतात.

सुक्यासाठी मोठी पिशवी. दळणाची जुनी गोणी किंवा तांदळाची २५ किलोची रिकामी पिशवी उत्तम. सुका कचरा वजनाने हलका, पण जागा फार खातो. गॅलरीत खिळ्याला टांगली की झालं.

सॅनिटरी कचऱ्यासाठी बाथरूममध्ये जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक लाल स्केचपेन. का, ते पुढे येईलच.

विशेष काळजीच्या वस्तूंसाठी मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर बुटाचा एक खोका. तो भरायला सहा महिने लागतात.

काळी प्लास्टिकची पिशवी घरात आणूच नका. ओला कचरा तिच्यात बांधून दिला की ती फोडायला कोणाला तरी हात घालावा लागतो. आत काय आहे ते दिसत नाही, काच असली तर बोटं कापतात. डब्याला अस्तर हवंच असेल तर वर्तमानपत्राचे दोन कागद एकावर एक आडवे-उभे टाका, कडा बाहेर दुमडा. रिकामा करताना सगळा गोळा एकदम निघतो. पावसाळ्यात कागद तळाशी भिजून चिकटतो, तेव्हा नुसता डबाच द्या आणि परत आल्यावर पाण्याने विसळा.

ओला कचरा: काय जातं, काय जात नाही

भाजीचे देठ, सालं, खरकटं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, फुलं, केळीचं पान, खरकटा टिश्यू पेपर हे सगळं ओलं. पालिका त्याचं खत किंवा बायोगॅस करते. म्हणजे त्याच्यात कुजणार नाही असं काहीही गेलं, की ते शेवटी खतातच येतं. नासाडी सहसा लहान वस्तूंनी होते: कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, फळावरचा स्टिकर, टी-बॅगची पिन, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा.

आमटी, सांबार, ताक असलं पातळ काही डब्यात ओतू नका. आधी जाळीवर निथळू द्या. ताई डबा आपल्या मोठ्या बादलीत उलटा करतात तेव्हा ते पाणी त्यांच्या हातावरून, पायावरून जातं, आणि तिसऱ्या मजल्यापासून जिन्यावर ओघळ पडतो. 'जिन्यात वास येतो' या सोसायटीतल्या भांडणाचं मूळ बहुतेक वेळा कोणाच्या तरी निथळून न दिलेल्या खरकट्यात असतं.

काही वस्तूंवर लोक अडतात, म्हणून सांगून ठेवतो. चहाचा चोथा दूध-साखरेसकट मुंग्या आणतो, गाळणीतच एकदा पाणी घाला. कांद्या-लसणाची सालं सुकी दिसली तरी ओल्यात. हाडं, कोळंबीची टरफलं ओल्यात, पण वर्तमानपत्रात गुंडाळून आणि त्याच दिवशी, नाहीतर मांजरं रात्रीत डबा पालथा करतात. नारळाची करवंटी, शहाळं आणि आंब्याची कोय कुजतात खऱ्या, पण त्याला महिनोनमहिने लागतात आणि सोसायटीच्या खतयंत्राचं पातं करवंटीने मोडतं. त्या ओल्यात न घालता वेगळ्या द्या. घर झाडून निघालेला केर, कंगव्यातले केस, नखं हे ना धड ओलं ना धड सुकं. कागदाच्या पुडीत बांधून सुक्याबरोबर, पण सुट्टं नाही. सुट्टा केर सुक्या पिशवीत पडला की त्यातला सगळा कागद मळतो.

सुका कचरा: कोरडा म्हणजे खरोखर कोरडा

नवखे लोक इथंच सगळ्यात जास्त चुकतात. दह्याचा डबा, सॉसची बाटली, पार्सलच्या भाजीचा प्लास्टिकचा डबा तसाच सुक्यात टाकतात. दोन दिवसांत त्याला बुरशी येते, रस गळून खालचा पुठ्ठा भिजतो. भिजक्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही, कारण वजन पाण्याचं असतं. एका न धुतलेल्या डब्यामुळे अख्खी गोणी निवडण्यातून बाद होते. साबण लावायची गरज नाही. भांडी घासून झाल्यावर उरलेल्या पाण्यात एकदा हलवा आणि पालथा ठेवा.

दुधाची पिशवी हे याचं रोजचं उदाहरण. कोपरा कापताना पूर्ण वेगळा करू नका. कात्री शेवटच्या दोन-तीन मिलीमीटर अलीकडे थांबवा, कोपरा पिशवीलाच लटकत राहू द्या. सुटा झालेला तो तुकडा कोणी उचलत नाही. तो गटारात जातो किंवा ओल्या कचऱ्यातून खतात. दूध ओतून झालं की पिशवीत अर्धी वाटी पाणी घालून हलवा, ते पाणी झाडाला ओता, पिशवी उलटी करून नळाच्या मानेवर अडकवा. संध्याकाळपर्यंत वाळते. अशा वीस-तीस पिशव्या एकात एक खुपसून दिल्या तर त्यांना लगेच गिऱ्हाईक असतं, कारण हे एकाच प्रकारचं, स्वच्छ, मऊ प्लास्टिक असतं.

कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी फाडून काढा, खोका चपटा करा. पिझ्झाच्या खोक्याचा तेलकट तळ फाडून ओल्यात, झाकण सुक्यात. पाण्याची बाटली रिकामी करून चुरगळा आणि झाकण परत लावा, सुटं झाकण हरवतं. ज्यूसचा, ताकाचा पुठ्ठ्याचा डबा कोपरे उलगडून सपाट करा. वेफर्स-बिस्किटांची आतून चंदेरी पाकिटं भंगारवाला घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. तरीही ती सुक्यातच द्यायची. ती पाण्याच्या बाटलीत कोंबून 'वीट' करण्याचं खूळ मधे आलं होतं. त्यात चांगली विकली जाणारी बाटलीही वाया जाते. थर्माकोल मोडू नका, सबंध द्या. मोडला की त्याचे मणी गटारापर्यंत उडत जातात.

काच सुक्यात चालते, फुटकी काच सुक्यात टाकायची नाही. फुटलेला ग्लास वर्तमानपत्राच्या चार पदरांत गुंडाळा, पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात घाला, वर ठळक 'काच' लिहा आणि हातात द्या. 'ताई, यात काच आहे' एवढे शब्द पुरतात. वापरलेलं ब्लेडही तसंच, जुन्या टूथपेस्टच्या खोक्यात.

जुने कपडे गोणीत कोंबू नका. धुऊन वेगळ्या पिशवीत ठेवा. 'स्वच्छ' आणि पालिका अधूनमधून ठिकठिकाणी जुन्या वस्तू गोळा करतात. त्या दिवशी कपडे, चपला, खेळणी, बंद पडलेले मिक्सर, लहान फर्निचर तिथं नेऊन देता येतं. सोसायटीच्या ग्रुपवर तारीख येते, लक्ष ठेवा.

लाल ठिपका

सॅनिटरी पॅड, डायपर, रक्त लागलेलं बँडेज, कापूस, निरोध हा सॅनिटरी कचरा. पॅडच्या पाकिटाबरोबर मिळालेलं वेष्टन असेल तर त्यात, नसेल तर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानात घट्ट गुंडाळा आणि बाहेरून लाल स्केचपेनने मोठा ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांनीच ही खूण रुळवली. सुका कचरा निवडताना रोज शेकडो पुड्या हातात येतात. ठिपका दिसला की ती पुडी न उघडता बाजूला ठेवली जाते. ठिपका नसला, तर आत काय आहे ते उघडल्यावरच कळतं.

पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. ठिपक्याचा आकार निदान रुपयाच्या नाण्याएवढा हवा. पेनाच्या टोकाएवढा ठिपका बातमीच्या अक्षरांत दिसतच नाही. डायपरमधली विष्ठा आधी संडासात झटका. पॅड किंवा डायपर संडासात वाहून जात नाहीत. आतली शोषणारी पावडर पाणी पिऊन फुगते आणि पाइप तुंबतो. प्लंबर आला की तो पहिल्यांदा हेच काढतो.

बुटाच्या खोक्यातल्या वस्तू

सीएफएल दिवे, ट्यूबलाइट, पारा असलेला थर्मामीटर, सेल, मोबाइलची बॅटरी, मुदत संपलेली औषधं, इन्सुलिनच्या सुया, रंगाचे डबे, झुरळं-ढेकणांच्या फवाऱ्याचे डबे हा विशेष काळजीचा कचरा. तो महिन्या-दोन महिन्यांनी वेगळा द्यायचा. तुमच्या भागात तो कुठे घेतात ते पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला विचारा.

सुयांची काळजी सगळ्यात जास्त घ्या. फिनेल किंवा कपड्यांच्या कंडिशनरची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, वापरलेली सुई वापरल्याबरोबर तिच्यात सोडा, बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून त्यावर चिकटपट्टी फिरवा आणि 'सुया' लिहा. पाण्याची पातळ बाटली चालत नाही, सुई आरपार जाते.

सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. आत पारा असतो, अगदी थोडा, पण वाफ होऊन पसरतो. केरसुणी किंवा व्हॅक्युम वापरू नका, त्याने तो जास्त उडतो. दोन पुठ्ठ्यांनी तुकडे गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत घाला.

मोबाइलची किंवा पॉवर बँकेची लिथियम बॅटरी कधीही सुक्या कचऱ्यात टाकू नका. गाडीत दाबली गेली, टोकं धातूला लागली की पेट घेते, आणि भोवती असतो सगळा कागद. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा. फुगलेली बॅटरी घरातही खोक्यात ठेवू नका, मातीच्या कुंडीत किंवा वाळूत ठेवून लवकरात लवकर द्या. जुना टीव्ही, लॅपटॉप, फ्रिज गल्लीतल्या भंगारवाल्याला देण्याआधी विचार करा. तो तांब्यासाठी वायर जाळतो. अधिकृत ई-कचरा केंद्राला ते वेगळं करण्याची रीत ठाऊक असते. नवं यंत्र घेताना दुकानदाराला जुनं परत घ्यायला सांगणं हा सगळ्यात सोपा मार्ग.

जे कचरावेचकाला द्यायचंच नाही

बाथरूमच्या फोडलेल्या फरश्या, विटांचे तुकडे, प्लास्टर, म्हणजे राडारोडा, हा ओला नाही आणि सुकाही नाही. तो घरच्या कचऱ्यात मिसळला तर गाडीचं वजन वाढतं आणि निवडणाऱ्याचे हात सोलतात. रात्री नदीकाठी किंवा मोकळ्या प्लॉटवर टाकला तर दंड होतो. पुण्याचा राडारोडा प्रक्रियेसाठी वाघोलीला जातो. काम लहान असेल तर ठेकेदाराशी दर ठरवतानाच 'राडारोडा उचलण्यासकट' असं लिहून घ्या. काम संपल्यावर हा विषय काढलात तर पैसे तुमचेच जातात. फांद्या आणि पालापाचोळाही वेगळाच. तो जाळायचा नाही, जाळणंही दंडास पात्र आहे.

गादी, सोफा, मोडकं कपाट यांना वेगळी गाडी लागते. आदल्या दिवशी ठरवा, वेगळे पैसे पडतात. ताईंना 'जाता जाता घेऊन जा' म्हणू नका. ढकलगाडीत गादी मावत नाही.

सोसायटीत असाल तर

दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा करणाऱ्या संकुलाला नियमाच्या भाषेत मोठा कचरा उत्पादक म्हणतात. नव्या नियमांत २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त पाणी, यांपैकी काहीही असलं तरी तुम्ही त्यात येता. अशा सोसायटीने आपला ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा असतो. तळमजल्याच्या मागे विटांचे हौद किंवा फिरणारं यंत्र दिसतं, ते यासाठी.

हौद बंद पडण्याची कारणं ठरलेली आहेत. रोजचा ओला कचरा कोरड्या पाल्याशिवाय टाकला जातो, हौदात पाणी साचतं, हवा जात नाही, सडका वास सुटतो, पहिल्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात आणि समिती झाकण लावून मोकळी होते. उपाय साधा आहे: एक घमेलं ओला कचरा, त्यावर अर्धं घमेलं वाळलेला पाला किंवा भुसा. दोन दिवसांनी फावड्याने वरखाली. मूठभर मिश्रण दाबलं तर हात ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

गॅलरीत स्वतः खत करायचं असेल तर २० लिटरच्या दोन बादल्या घ्या, बाजूंना सळईने बोटाएवढी दहा-बारा भोकं पाडा, तळाशी चार. कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ६५० ग्रॅमची वीट चार-पाच लिटर पाण्यात भिजवा, फुलून आठ-नऊ लिटर होते. तळाशी दोन इंचांचा थर, मग रोजचा बारीक चिरलेला ओला कचरा, वर दोन मुठी कोकोपीट. सुरुवातीला अर्धा पेला आंबट ताक किंवा ओळखीच्यांकडचं मूठभर तयार खत. शिजलेलं अन्न पहिला महिनाभर घालू नका. पहिली बादली भरली की दुसरी सुरू करा. पहिली चाळीस-पन्नास दिवसांत काळी, मातीचा वास येणारी होते. पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर किंचाळू नका, त्या माशीच्या अळ्या निरुपद्रवी असतात आणि कचरा झपाट्याने खातात. त्या दिसतात म्हणजे मिश्रण ओलं झालंय, कोकोपीट वाढवा. वास तिखट, डोळ्यांत जाणारा असेल तरीही तेच करा.

गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के, दोन केली तर १० टक्के सवलत पुणे पालिका देते. सोसायटीच्या सभेत हा मुद्दा काढलात तर वासाची चर्चा जरा लवकर संपते.

सणासुदीला

निर्माल्य नदीत नाही, ओल्यात किंवा निर्माल्य कलशात. हारांचा दोरा ओढून काढा, तो खतयंत्राच्या दांड्याला गुंडाळत जातो आणि यंत्र जाम होतं. जरीचा हार, प्लास्टिकची फुलं, थर्माकोलचं मखर ओल्यात जात नाहीत. आरतीच्या दिव्यांच्या पणत्याही बाजूला.

प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती घरीच विरघळवायची सोय आहे. अमोनियम बायकार्बोनेट विसर्जनाच्या दिवसांत पालिका वाटते. मूर्ती पूर्ण बुडेल एवढ्या पाण्यात मूर्तीच्या वजनाइतकी पावडर, दर दोन-तीन तासांनी ढवळणं आणि साधारण ४८ तास. बादली गच्चीत किंवा गॅलरीत ठेवा, अमोनियाचा वास घरभर होतो. वरचं पाणी पातळ करून झाडांना चालतं, खाली बसलेला पांढरा गाळ वेगळा काढायचा. शाडूची मूर्ती नुसत्या पाण्यात काही तासांत विरघळते.

अडलं तर

ताई दोन दिवस आल्या नाहीत तर आधी त्यांच्या मुकादमाला किंवा सोसायटीच्या व्यवस्थापकाला विचारा. आजारपणात बदली माणूस येतो, पण तुमचा मजला त्याला माहीत नसतो. आठवडा झाला तरी कोणी नाही, तर क्षेत्रीय कार्यालयातला आरोग्य निरीक्षक किंवा पालिकेचं 'पीएमसी केअर' अॅप. तक्रारीत इमारत, मजला आणि न आलेल्या तारखा लिहा. 'कचरा उचलत नाहीत' एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढंच येतं.

डबा परत आला आणि वर 'मिसळलाय' असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका. बहुतेक वेळा चूक कामाला येणाऱ्या मावशींकडून किंवा आदल्या रात्री आलेल्या पाहुण्यांकडून झालेली असते. ओट्यावर डब्यांच्या झाकणांवर मार्करने 'ओला', 'सुका' मराठीत आणि एक पान, एक बाटली असं चित्र काढून ठेवा. चित्र वाचायला कोणाची अडचण येत नाही.

आणि घर सोडताना आवराआवरीचा सगळा पसारा शेवटच्या सकाळी दारात ठेवून जाऊ नका. आठवडाभर आधी ताईंना सांगा, पुठ्ठे आणि बाटल्या रोज थोड्या द्या. बल्ब, सेल, औषधं नव्या घरी घेऊन जा. राहिलेलं शुल्क चुकतं करा. नवीन माणसं कधी येणार हेही त्यांना सांगा, म्हणजे पहिल्याच दिवशी त्या त्यांच्या दाराची बेल वाजवतील.